अनोळखी मदरबोर्डची ओळख

संगणकाच्या पेटींत एक मोठा, बहुधा हिरव्या रंगाचा फलक असतो. प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या व इतर बहुतेक भाग त्यावरच बसविलेले असतात. यासच मदरबोर्ड म्हणतात. जुन्या संगणकांतील मदरबोर्ड कोणत्या कंपनीचा व कोणत्या नमुन्याचा आहे हें कसें ओळखावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु त्यापायीं आमच्या हातून एकदां नुकसान घडलें आहे, म्हणून प्रथम तीच हकीकत सांगतों.

गेल्या वर्षीं शाळेच्या कोठींतील ४८६ जातीचा एक संगणक नववीच्या मुलांसमवेत आम्हीं उघडला. फलकाचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें. तरी 'असाच फलक पूर्वीं पाहिला आहे' या भरंवशावर आम्हीं त्यांत डीएक्स-४ प्रोसेसर बसविला. १९९४ सालीं निघालेला हा प्रोसेसर ३.३ व्होल्टवर चालणारा. फलक मात्र जुन्या ४८६ साठीं ५ व्होल्ट देणारा होता. थोड्याच वेळांत प्रोसेसर निकामी झाला. तेव्हां एका मुलानें शांतपणें विचारलें, "सर, आपल्याला खात्री होती, कीं तसें वाटत होतें?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

या वर्षीं एका पालकांनीं आपल्या माळ्यावरचा जुना संगणक शाळेस दिला. त्याबरोबर पुस्तिका नव्हती. मुलांना त्यांत नवा प्रोसेसर बसवावयाचा होता. या खेपेस आम्हीं नियम केला कीं, फलकाचें नांव दोन स्वतंत्र पुराव्यांनीं सिद्ध झाल्यावांचून एकहि जंपर हलवावयाचा नाहीं. जंपर म्हणजे बारीक कांट्यांवर बसणारी इवलीशी टोपी. प्रोसेसरला किती व्होल्ट द्यावयाचे हें जुन्या फलकांवर तीच ठरविते.

प्रथम विजेची तार काढून, पेटीच्या धातूस हात लावून, मग आम्हीं फलकाची ठेवण पाहिली. कीबोर्डसाठीं पांच छिद्रांचें मोठें वाटोळें भोंक असून विजेच्या जोडण्या दोन होत्या. ही आयबीएम कंपनीनें १९८४ सालीं आणलेल्या एटी पद्धतीची खूण होय. या जोडण्या बसवितांना दोहींतील काळ्या तारा मधोमध एकमेकींलगत याव्या लागतात. उलट बसविल्यास फलकच जळूं शकतो. १९९५ सालीं इंटेलनें काढलेल्या एटीएक्स पद्धतींत ही जोडणी एकच असते. पुढें कार्डें बसविण्याच्या खांचा पाहिल्या. काळ्या लांब खांचा आयएसए जातीच्या, व पांढऱ्या आंखूड खांचा पीसीआय जातीच्या. प्रोसेसरच्या बैठकीवर 'सॉकेट ७' हीं अक्षरें होतीं. ही बैठक पेंटियम जातीची. एवढ्यावरून फलक १९९५ नंतरचा असावा हें कळलें. नांव मात्र कळलें नाहीं.

मग छापील अक्षरांचा शोध सुरू झाला. एका विद्यार्थ्यानें '९४ व्ही-०' हीं अक्षरें दाखवून, "सर, नांव सांपडलें!" असें आनंदानें सांगितलें. ही चूक पुष्कळांची होते. वास्तविक हें नांव नव्हे. फलकाचा पत्रा आगीपासून किती सुरक्षित आहे याचा तो दर्जा आहे. उभ्या धरलेल्या तुकड्यास ज्योत लावून काढून घेतल्यावर आग दहा सेकंदांच्या आंत विझली पाहिजे, अशी ती कसोटी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या असंख्य फलकांवर हींच अक्षरें आढळतात. दुसऱ्या विद्यार्थ्यानें चमकदार चिकटपट्टीवरील 'अवॉर्ड' हें नांव वाचलें. तें संगणक सुरू करणाऱ्या बायॉस या प्रणालीच्या कर्त्याचें होतें. फलक करणाऱ्याचें नव्हे.

तिसरा पुरावा चिपांचा. चिपेवर चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन बहुधा वर्षाचे व पुढील दोन आठवड्याचे. एका चिपेवर '९७३१' होतें, म्हणजे ती १९९७ च्या एकतिसाव्या आठवड्यांतली, सुमारें जुलैअखेरची. पक्की डांक दिलेली चिप ज्या दिवशीं घडली त्याच्या आधीं फलक घडणें शक्य नाहीं. सहज काढतां येणारी चिप मात्र मागाहून बदललेली असूं शकते. तिच्यावर विसंबूं नये. दोन मोठ्या चिपांवर '८२४३९टीएक्स' व '८२३७१एबी' हे क्रमांक आढळले. ही इंटेलच्या ४३०टीएक्स या चिपसेटची जोडी होय.

चौथा पुरावा पडद्यावरचा. जुना प्रोसेसर जागच्या जागीं ठेवून संगणक सुरू केला व लगेच 'पॉज' ही कळ दाबली. पडदा थबकला, तळाशीं अक्षरांची एक ओळ होती. तिच्या आरंभीं तारीख होती व पुढें '२ए५९आय' हीं अक्षरें. अवॉर्डच्या सांकेतिक भाषेंत याचा अर्थ ४३०टीएक्स चिपसेट. म्हणजे चिपांनीं जें सांगितलें तेंच पडद्यानें सांगितलें. लगतचीं 'जी०' हीं दोन अक्षरें तैवानच्या गिगाबाइट कंपनीचीं.

येथेंच थांबावें असें मुलांस वाटलें. तेव्हां आम्हीं त्यांस एक गोष्ट सांगितली. १९९५ च्या सुमारास कांहीं ४८६ फलकांवर कॅश स्मृतीच्या खोट्या चिपा लावलेल्या असत. आंत कांहीं नसे, नुसतें प्लास्टिक! बायॉसहि असें बदललेलें असे कीं, नसलेली स्मृति पडद्यावर 'आहे' म्हणून झळके. सबब डोळ्यांनीं वाचलेलें तें सर्व खरें असें नव्हे. शिवाय एकाच कंपनीनें एकाच चिपसेटवर अनेक नमुने काढलेले असतात, व त्यांचे जंपर निराळे असतात.

म्हणून आम्हीं 'द रेट्रो वेब' या संग्रहांतील छायाचित्रें आमच्या फलकाशेजारीं धरून जंपरांच्या जागा व स्मृतीच्या खांचा एकेक करून जुळविल्या. 'जीए-५८६टीएक्स' या नमुन्याशीं सर्व खुणा जुळल्या. शेवटीं खांचांच्या मध्यें विक्रेत्यानें चिकटविलेलें कागदी लेबल हलक्या हातानें सोडविलें. त्याखालीं पांढऱ्या शाईंत तेंच नांव छापलेलें होतें! त्या वेळचा मुलांचा आनंद शब्दांनीं सांगतां येणार नाहीं.

मग पुस्तिकेंतील कोष्टक पाहून जंपर बसविले. जुन्या पेंटियमला सुमारें ३.३ व्होल्ट लागत. १९९७ च्या एमएमएक्स पेंटियमच्या गाभ्यास २.८ व्होल्टच पुरतात. तो प्रोसेसर बसविला, आणि संगणक सुरळीत चालला. आज तो आमच्या प्रयोगशाळेंत आहे.

पालकांस आमची विनंति अशी कीं, असा संगणक भंगारांत देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावा. फलकावर नळीसारखी जुनी बॅटरी असल्यास ती जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. तिच्यांतील क्षार गळून तांब्याच्या रेषा खातो. आणि विद्यार्थिमित्रहो, नांव शोधतांना प्रत्येक पुरावा वहींत लिहा, व त्यापुढें 'पाहिलें' कीं 'वाटलें' हेंहि लिहा. ज्या मुलानें आम्हांस तो प्रश्न विचारला, त्याचे आम्ही ऋणी आहों.