चाचणी, दोष आणि खेळाडूची जबाबदारी

झाशीच्या ध्यानचंदांचे नाव जगाला प्रथम ठाऊक झाले ते १९२८ सालच्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हौशी अ‍ॅथलेटिक महासंघाने स्पर्धकांनी उत्तेजक द्रव्ये घेण्यास मनाई करणारा नियम केला. नियम झाला खरा. परंतु कोणी काय घेतले आहे हे ओळखण्याचे साधन कोणापाशीच नसल्यामुळे तो दीर्घकाळ कागदावरच राहिला. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन येथे भारताने जर्मनीवर आठ विरुद्ध एक असा विजय मिळविला, तेव्हा विजयी खेळाडूंकडे मूत्राचा नमुना मागावयास कोणी आले नाही.

आज झाशीत ध्यानचंदांच्या नावाच्या क्रीडांगणावर सराव करणारा एखादा मुलगा पुढे देशातील अव्वल खेळाडूंच्या चाचणीगटात गेला, तर त्याचा दिनक्रमच निराळा होईल. वर्षातील प्रत्येक दिवशी पहाटे पाच ते रात्री अकरा या अवधीतील कोणत्या एका तासात आपण निश्चित कोठे सापडू, हे त्याला आगाऊ कळवून ठेवावे लागेल. बारा महिन्यांत तीन वेळा ही माहिती चुकली किंवा त्या ठिकाणी तो आढळला नाही, तर शरीरात काहीही न सापडता तो दोषी ठरू शकेल. इतकी कडक देखरेख एरवी आपण केवळ जामिनावर सुटलेल्या आरोपीवरच ठेवतो. ती निरपराध खेळाडूने का सोसावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९६७ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्रज स्पर्धक व्हांतू पर्वताच्या चढणीवर कोसळून मरण पावला; त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामीन आढळले. १९६८ पासून ऑलिंपिक सामन्यांत चाचण्या सुरू झाल्या. परंतु स्नायूंची वाढ करणारी स्टेरॉइड द्रव्ये सरावाच्या काळात घेऊन सामन्यापूर्वी थांबविता येतात. म्हणून केवळ सामन्याच्या दिवशी घेतलेली चाचणी निरुपयोगी ठरू लागली. १९९९ साली ‘वाडा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी जागतिक संस्था स्थापन झाली, २००४ पासून तिची संहिता अमलात आली, आणि पूर्वसूचनेवाचून घेतलेली चाचणी हे तिचे मुख्य शस्त्र झाले. भारतात हे काम ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था करते.

नमुना घेण्याची रीत मोठ्या काटेकोरपणे आखलेली आहे. किमान नव्वद मिलिलिटर मूत्र साक्षीदाराच्या देखत घेतले जाते. बाटल्यांचा संच खेळाडू स्वतः निवडतो, नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत स्वतः ओततो व त्या स्वतःच मोहोरबंद करतो. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या कागदावर त्याचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. ‘अ’ नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळल्यास ‘ब’ नमुना आपल्या किंवा आपल्या प्रतिनिधीच्या समक्ष उघडण्याची मागणी त्याला करता येते. अदलाबदलीची शंका राहू नये एवढ्यासाठी हा सारा प्रपंच आहे.

खरी अडचण यानंतर सुरू होते. संहितेचा पाया असा की, खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तोच जबाबदार. हेतू सिद्ध करण्याचे ओझे संस्थेवर नाही. फौजदारी कायद्याची सवय असलेल्या वाचकास हे विपरीत वाटेल. परंतु ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणणाऱ्यास सोडावयाचे ठरविले, तर एकही दोषी सापडणार नाही, आणि द्रव्य न घेता हरलेल्या प्रतिस्पर्ध्यास न्याय मिळणार नाही. या तत्त्वाची धार किती तीक्ष्ण आहे याचे उदाहरण २००२ सालचे आहे. अ‍ॅलन बॅक्स्टर या स्कॉटिश हिमक्रीडापटूने सॉल्ट लेक सिटी येथे कांस्यपदक जिंकले. सर्दी झाली म्हणून त्याने तेथील दुकानातून हुंगावयाची नळी विकत घेतली होती. ब्रिटनमध्ये तो वापरीत असे त्याच नावाच्या नळीत जे द्रव्य नव्हते, ते अमेरिकेतील नळीत होते. लबाडीचा त्याचा हेतू नव्हता हे क्रीडा लवाद न्यायालयाने मान्य केले. पदक मात्र परत मिळाले नाही.

पदक जाणे ही एक गोष्ट आणि बंदी ही दुसरी. बंदीचा काळ ठरविताना दोषाचे मान पाहिले जाते. स्टेरॉइडसारख्या द्रव्यासाठी २०१५ पासून चार वर्षांची बंदी आहे; हेतुपुरस्सर घेतले नव्हते असे खेळाडूने दाखविल्यास ती दोन वर्षांवर येते, आणि आपला यत्किंचितही दोष नव्हता असे सिद्ध केल्यास ती रद्द होते. मात्र द्रव्य शरीरात कसे शिरले, हे सामान्यतः त्यालाच दाखवावे लागते. त्यासाठी ‘असे घडले असणे अधिक संभवनीय आहे’ इतका पुरावा पुरतो. हे माप हलके दिसते. तराजूत टाकावयास काय मिळते, ते पाहिल्यावर त्याचे वजन कळते.

नरसिंग यादव यांचे प्रकरण महाराष्ट्रात अद्याप विसरले गेलेले नाही. मुंबईत तयार झालेले हे मल्ल २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले आणि त्याबरोबर ७४ किलो वजनगटात रिओ ऑलिंपिकमधील भारताची जागाही. सोनीपत येथील सराव शिबिरात २५ जून २०१६ रोजी घेतलेल्या त्यांच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड आढळले. ५ जुलैच्या नमुन्यातही ते होते. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी हे द्रव्य मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. १ ऑगस्ट रोजी नाडाच्या समितीने ते स्वीकारून त्यांना निर्दोष ठरविले. वाडाने या निर्णयावर अपील केले. रिओतील कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट रोजी, क्रीडा लवाद न्यायालयाने चार वर्षांची बंदी घातली.

या निकालात रसायनशास्त्राने काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे. शरीर मेथॅन्डिएनोनचे विघटन करून अनेक चयापचयजन्य पदार्थ बनविते. त्यांपैकी काही दीर्घकाळ मूत्रात उतरत राहतात. वस्तुमान-वर्णपटमापक यंत्र त्यांचे प्रमाण मोजते. माँट्रियल येथील प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्तियान आयोट यांनी साक्ष दिली की, पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके अधिक होते की ते पेयात मिसळलेल्या भुकटीने नव्हे, तर एक-दोन गोळ्या गिळल्यानेच संभवते. न्यायालयाने ही साक्ष ग्राह्य मानली. घातपात शक्य कोटीतील असला तरी संभवनीय नाही व त्यास खराखुरा पुरावा नाही, असे त्याने म्हटले.

निकाल योग्य की अयोग्य हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कोणते द्रव्य व अदमासे किती, हे यंत्र सांगते. कोणाच्या हाताने ते पोटात गेले, हे ते सांगू शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा असलाच तर तो भटारखान्यात, कोठाराच्या नोंदवहीत, दारावरच्या पहाऱ्यात असतो. आणि शिबिरात राहणाऱ्या खेळाडूच्या हाती यांपैकी काहीच नसते. त्याने जेवणाचे ताट उचलावयाचे व उत्तर मात्र सबंध स्वयंपाकघराचे द्यावयाचे, अशी ही वाटणी आहे. जबाबदारी एकाची आणि साधने दुसऱ्याच्या हाती असतील, तर साधने बाळगणाऱ्यावरही काही कर्तव्य येते. ते संहितेत म्हणावे तितके ठळकपणे लिहिलेले नाही.

प्रशिक्षकावरील विश्वासाचेही तसेच आहे. २०११ साली भारताच्या सहा महिला धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या. त्यांत आदल्या वर्षी राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांत रिले शर्यतीची सुवर्णपदके मिळविणाऱ्या धावपटू होत्या. परदेशी प्रशिक्षकाने चीनमधून आणून दिलेल्या जिनसेंगच्या पुरवणीतून ते आले, असे त्यांनी सांगितले. देशात त्यांना एक वर्षाची बंदी झाली. २०१२ साली लवाद न्यायालयाने ती दोन वर्षांची केली. प्रशिक्षकाने दिले म्हणून घेतले, हे कारण पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ. ज्या देशात गुरूने दिलेली वस्तू शिष्य निमूटपणे घेतो, तेथे हा नियम पाळणे किती कठीण आहे, याचा विचार लोझान येथे बसून होणे अवघड आहे.

यंत्रे जसजशी सूक्ष्म होत जातात तसतशी निराळी अडचण उभी राहते. २०११ मध्ये मेक्सिकोत सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत शंभरांहून अधिक खेळाडूंच्या नमुन्यांत क्लेनब्यूटेरॉल आढळले. इतक्या संघांनी एकाच वेळी कट केला असेल, हे कोणालाही पटले नाही. गुरे पुष्ट करण्यासाठी तेथे हे द्रव्य वापरीत, आणि ते मांसातून मुलांच्या पोटात गेले होते. पुढे २०१९ साली वाडाने ठरविले की, मिलिलिटरमागे पाच नॅनोग्रॅमपर्यंतचे क्लेनब्यूटेरॉल आढळल्यास आरोप ठेवण्यापूर्वी दूषित मांसाची शक्यता तपासावी. पाच नॅनोग्रॅम म्हणजे दोन लक्ष लिटर पाण्यात विरघळविलेल्या एका ग्रॅमाइतके प्रमाण. यंत्र याहून कमीही ओळखते; पण ओळखणे आणि दोष देणे यांत अंतर ठेवावे लागते.

प्रयोगशाळाही परीक्षेतून सुटत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली. डिसेंबर २०२१ मध्ये ती पूर्ववत होईपर्यंत भारतीय खेळाडूंचे नमुने परदेशी पाठवावे लागले. प्रयोगशाळा दोन वर्षांनी पुन्हा कामास लागली. चार वर्षांच्या बंदीनंतर नरसिंग यादव २०२० साली आखाड्यात परतले, तेव्हा त्यांचे वय एकतीस होते.

झाशीच्या त्या मुलाने म्हणूनच काही सवयी लवकर लावून घ्याव्यात. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरास आपण स्पर्धक असल्याचे आधी सांगावे. ते औषध निषिद्ध असून उपचारासाठी आवश्यकच असेल, तर त्याच्या वापराची रीतसर अनुमती मागावी. शक्तिवर्धक भुकटी घेणारच असेल तर तिचा डबा, पावती व उरलेला अंश जपून ठेवावा. उघडी राहिलेली पाण्याची बाटली पुन्हा तोंडाला लावू नये. आणि नमुना देताना फॉर्मवर गेल्या सात दिवसांतील सर्व औषधे, साधी सर्दीची गोळीसुद्धा, न विसरता लिहावीत.