पोट दुखतंय? गोळी घेण्याआधी त्रास ओळखा



गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की "पोटासाठी एखादी चांगली गोळी सांगा ना, ताई" असं बऱ्याच जणी म्हणतात. पण पोटाच्या सगळ्या तक्रारींवर चालेल अशी एकच गोळी नसते. आधी त्रास कोणता ते बघायचं, मग औषध.

जळजळ, करपट ढेकर : ही ॲसिडिटी. अँटासिडचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घेतली की लवकर आराम पडतो. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल या गोळ्या पोटात ॲसिड तयार होणंच कमी करतात. त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेऊ नका.

जुलाब, उलट्या : इथे पहिलं औषध ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा आणि 24 तासांत संपवा. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजा. लहान मुलांना आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायच्या. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब बांधणारी गोळी लहान मुलांना देऊ नका.

पाळीतलं दुखणं, मुरडा : पाळीसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत वेदनाशामक औषधही असतं. म्हणून त्या काही खाल्ल्यावरच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं : अंगदुखीची गोळी

खुरपणी करून कंबर धरली की आपण डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतो, तीही बऱ्याचदा नुसत्या चहावर. या गोळ्यांमुळे जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं. रोज घेतल्या तर अल्सर होऊ शकतो, आतून रक्तस्रावही होतो. मग पोट दुखतं म्हणून पुन्हा तीच गोळी! पोटदुखीवर ही गोळी कधीच नको.

घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा :

- संडासला डांबरासारखं काळं होणं किंवा उलटीत रक्त (लोहाच्या गोळ्यांनीही संडासचा रंग काळपट होतो, चालू असतील तर डॉक्टरांना सांगा)
- पोट कडक होणं, उजवीकडे खाली दुखणं वाढत जाणं
- गरोदरपणात किंवा पाळी चुकलेली असताना पोट दुखणं
- जुलाबात बाळ सुस्त होणं, लघवी कमी होणं
- छातीत दडपण, घाम, दम लागणं. "गॅस झाला असेल" म्हणून बसू नका, 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीसाठी : घरातल्या गोळ्यांची पाकिटं प्रत्येकीने सोबत आणा. नाव आणि मुदतीची तारीख मिळून वाचू. गोळी कशाची आहे ते कळत नसेल, तर ती घ्यायची नाही, एवढं आजच ठरवूया.