रस्त्यांची आखणी आणि गावाचे जीवन

एखाद्या गावाचा अभ्यास करावयाचा म्हणजे आपण तेथील लोकसंख्या, पिके, उद्योगधंदे यांची माहिती गोळा करतो. रस्त्यांच्या आखणीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः दुकान कोठे चालेल, परका माणूस कोठवर आत येईल, आग लागल्यास बंब कोठे अडेल, हे बऱ्याच अंशी रस्तेच ठरवीत असतात. पंढरपूर व जयसिंगपूर यांच्या तुलनेने हे स्पष्ट होईल.

पंढरपूरचा जुना भाग कोणी कागदावर आखलेला नाही. तो वाढत गेला. चंद्रभागेचे वाळवंट आणि विठ्ठलाचे मंदिर ही त्याची दोन मुख्य स्थाने. वारकरी स्नान करतो, पुंडलिकाचे दर्शन घेतो, महाद्वार घाट चढून नामदेव पायरीशी येतो व पुढे नगरप्रदक्षिणा करतो. बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे यांची दुकाने याच वाटेवर आहेत. येथे बाजार चौकात साचत नाही, तो चालणाऱ्याच्या पावलांबरोबर पसरतो. प्रदक्षिणा एकाच दिशेने होत असल्याने दिंड्या समोरासमोर येत नाहीत. मात्र आतले बोळ अरुंद असल्यामुळे आषाढीच्या गर्दीत एखाद्या आजाऱ्याला बाहेर काढणे कठीण होते. वर्षाचे उरलेले दिवस हेच बोळ सावली देतात, वाहनांचा वेग आवरतात आणि ओट्यावरच्या गप्पांना जागा देतात.

जयसिंगपूरची गोष्ट निराळी. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यावरील शिरोळ रोड स्थानकाजवळ राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही व्यापारपेठ वसविली. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक, असे तिचे रूप. अशा आखणीत मालाची गाडी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तिला वळविण्याची यातायात नाही. एक रस्ता अडला तर शेजारचा मोकळा असतो. कोपऱ्यावरच्या जागेला दोन दर्शनी बाजू मिळतात, म्हणून तिचे मोल अधिक. नवख्या अडत्याला घर शोधण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. परंतु ज्या गल्लीतून कोठेही जाता येते, ती गल्ली वाहने वाढली की मुलांना खेळण्यासाठी उरत नाही.

यावरून एक पद्धत चांगली व दुसरी वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एक रचना पायी चालणाऱ्यासाठी घडली, दुसरी मालाच्या ने-आणीसाठी. अडचण येते ती एकीवर दुसरीचे माप लादले जाते तेव्हा. जुन्या गावात रुंदीकरण निघाले की खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेल्या घराचे दोन्ही आधार एकदमच जातात. भरपाई जागेची मिळते. दारावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची मिळत नाही. उलट, रुग्णवाहिका दाराशी येऊ शकत नाही, ही बोळात राहणाऱ्याची तक्रारही खोटी म्हणता येणार नाही.

तेव्हा फीत धरून रस्त्याची रुंदी मोजण्यापूर्वी त्या रस्त्याने कोण, केव्हा व कशासाठी जाते, याची मोजणी व्हावयास हवी. हे काम आपणा विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे आहे. सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या आळीचा एक नकाशा काढावा आणि सकाळ-संध्याकाळ तासभर पारावर बसून वही भरावी. गाव का व कसे चालते, हे त्या वहीतून पुष्कळसे उमगेल.