ऑक्सिजन मीटरचा पडदा सांभाळा

वस्तीतली पोरं नाल्याचं, तळ्याचं पाणी मीटरने तपासू लागली, हे चांगलंच झालं. पण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबच्या टोकाला पातळ पडदा असतो; सारी मदार त्याच्यावर. तो फाटला, सुरकुतला किंवा खाली हवेचा बुडबुडा राहिला, की आकडा स्थिर राहत नाही. असा आकडा अर्जात गेला, तर साहेबाला तक्रार बाजूला सारायला निमित्तच मिळतं.

पडद्याला बोट लावू नका. पडदा बदलताना आतलं द्रावणही नवं भरा. मोजण्याआधी प्रोब ओल्या स्पंजाच्या टोपीत थोडा वेळ ठेवून आकडा 100 टक्क्यांवर जुळवा. पाण्यात तो हळूहळू हलवत राहा. हा प्रोब स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणून साचल्या पाण्यात आकडा उगाच कमी येतो. सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या नाल्यातून काढला, की लगेच धुवा, तो वायू आतली चांदी काळी करतो.

अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पण 7 आला म्हणून ते पाणी पिऊ नका. कावीळ, जुलाबाचे जंतू या मीटरला दिसत नाहीत. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.