परदेश आपलासा कसा होतो?
(फादर स्टीफन्स यांचें गोव्यांतील वास्तव्य)

परदेशीं जाऊन राहणें निराळें आणि परदेशीं रुळणें निराळें. पोटासाठीं किंवा कार्यासाठीं मनुष्य दूर देशीं जातो, तेथें वीस-वीस वर्षें काढतो, तरी कित्येकदां शेजाऱ्याच्या बोलण्यांतील एक शब्दहि त्यास उमगत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांस पुढें असा प्रवास घडेल. म्हणून चारशें वर्षांपूर्वीं आपल्याच किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या एका परदेशस्थाचें चरित्र आम्ही त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. जेझुइट संघांत प्रविष्ट होऊन ते ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून जहाजानें निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. तेथें राज्य पोर्तुगीजांचें, उपासनेची भाषा लॅटिन, घरीं-दारीं बोली कोंकणी आणि पोथीपुराणांत मराठी, असा प्रकार होता. स्टीफन्स हे तेथें दुहेरी परके होते. रयतेच्या दृष्टीनें ते फिरंगी आणि फिरंग्यांच्या दृष्टीनें इंग्रज! १५८३ सालाच्या अखेरीस राल्फ फिच वगैरे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामीं स्टीफन्स यांनीं साह्य केलें.

नव्या मुलखाकडे ते कोणत्या दृष्टीनें पाहत, हें त्यांच्या पत्रांवरून कळतें. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं माडाचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. या एकाच झाडापासून तेल, माडी, गूळ, शिरका इतके जिन्नस निघतात, याचें त्यांस नवल वाटलें. त्याच पत्रांत, येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृतासंबंधानें हाच विचार १७८६ सालीं मांडला. स्टीफन्स यांच्या कानांनीं ही ओळख दोनशें वर्षें आधीं पटविली होती.

परंतु त्याच सालीं एक भयंकर प्रसंग घडला. साष्टी प्रांतांत सत्ताधाऱ्यांनीं देवळें पाडलीं होतीं. त्या संतापांत कुंकळ्ळी गांवीं पांच जेझुइट मारले गेले आणि पुढें बोलणीं करण्यास बोलाविलेल्या गांवकऱ्यांचीहि हत्या झाली. अशा दुखावलेल्या प्रांतांत स्टीफन्स यांस आयुष्य घालवावयाचें होतें. नवख्रिस्ती लोकांच्या हातून जुनीं पुराणें गेलीं होतीं आणि त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं उरलें नव्हतें. ही उणीव लोकांनींच बोलून दाखविल्याचें स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे. ती त्यांनीं लोकांच्याच छंदांत भरून काढली. सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचें त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत मराठी भाषेची थोरवी गातांना त्यांस मोगरा आणि कस्तुरी यांच्या उपमा सुचल्या. स्वदेशाच्या फुलांकडे वळण्याची गरजच त्यांस भासली नाहीं. बोलीचें व्याकरणहि त्यांनीं रचिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापून निघालें.

१६१९ सालीं गोव्यांतच त्यांनीं देह ठेविला. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, येथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता १९६१ सालीं संपली. ती बोली आजहि घरोघरीं नांदत आहे आणि ‘ख्रिस्तपुराण’हि आदरानें वाचलें जातें.

विद्यार्थी मित्रहो, परक्या मुलखांत आपणांस जागा मिळते ती तेथील लोकांच्या मर्जीनें, आणि त्या मर्जीचें दार त्यांच्या भाषेनें उघडतें. तुमच्या शेजारच्या बाकावर दुसरी मातृभाषा असलेला मुलगा बसत असेल. पाणी, भाकरी, आई यांस त्याच्या घरीं काय म्हणतात, हें आजच विचारून पाहा. परदेशीं जाण्याची तयारी तेथूनच सुरू होते.