इंग्रजी शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजींत पाहणें

आमच्या मंडळींतील एका बंधूंस रक्त तपासण्यासाठीं एक चिठ्ठी मिळाली होती. तिच्यावर इंग्रजींत 'फास्टिंग' हा शब्द होता. घरांत वाचणारी काय ती सातवींतील मुलगी. 'फास्ट' म्हणजे जलद हा अर्थ तिनें पाठ केला होता. म्हणून 'लवकर या असें लिहिलें आहे,' असें तिनें सांगितलें. बंधु पहांटे भाकरी खाऊन पहिल्या एस.टी.नें तालुक्यास गेले, आणि पोटांत अन्न आहे म्हणून तसेच परत पाठविले गेले. एका दिवसाची मजुरी व गाडीभाडें दोन्ही बुडालीं. मुलीनें खोटें सांगितलें नव्हतें. तिनें पाठ केलेला अर्थ खराच होता, परंतु तो त्या शब्दाच्या अनेक अर्थांपैकीं एक होता.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांची इंग्रजीची वही अशीच असते : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एक मराठी शब्द. ह्या रीतीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मोल्सवर्थ साहेबांनीं आरंभिलेला व कँडी साहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं मुंबईस छापला गेला, त्याचें ऋण कोण विसरेल? पण त्या कोशांत एका शब्दापुढें अनेक अर्थ दिलेले असतात; आपण वहींत त्यांतला पहिलाच उतरून घेतों. येथेंच चूक होते.

म्हणून दुसरी एक रीत सांगतों. इंग्रजी शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजींतच वाचावा. आपण म्हणाल, ज्याला इंग्रजी येत नाहीं त्याला इंग्रजींत अर्थ सांगून काय उपयोग? शंका रास्त आहे. जुन्या इंग्रजी कोशांविषयीं ती खरीच होती. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या थोर कोशांत जाळीकाम ह्या अर्थाच्या साध्या शब्दाचा खुलासा 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' अशा शब्दांनीं केला आहे. ते शब्द इंग्रजांनाही अडतात.

ही अडचण दूर करण्याचा प्रयत्नही झाला. मायकेल वेस्ट हे बंगालमध्यें ढाका येथील अध्यापन-विद्यालयाचे मुख्य होते. खेड्यापाड्यांतील मुलांस इंग्रजी बोलण्यापेक्षां वाचण्याची गरज अधिक आहे, असें त्यांनीं पाहिलें. पुढें १९३५ सालीं त्यांनीं व चीनमध्यें मिशनकार्य करणारे एन्डिकॉट यांनीं मिळून एक कोश काढला. त्यांत सुमारें २४,००० शब्दांचा व वाक्प्रचारांचा अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितला आहे. म्हणजे तेवढे शब्द ज्यास पक्के आले, त्यास बाकीचे सर्व उघडतां येतात. १९७८ सालीं लाँगमनच्या कोशांत हीच रीत सुमारें २,००० शब्द घेऊन चालविली, आणि आज विद्यार्थ्यांसाठीं निघणारे पुष्कळ कोश तिनेंच चालतात. दुकानांत कोश घेतांना तो 'लर्नर्स' म्हणजे शिकणाऱ्यांसाठीं आहे कीं नाहीं, हें तेवढें विचारावें.

आतां थोडें करून पाहूं. 'ऑर्फन' म्हणजे 'अ चाइल्ड हूज फादर अँड मदर आर डेड'. ह्यांत न समजणारें कांहीं आहे काय? बँकेंतले शब्द घ्या. 'डिपॉझिट' म्हणजे 'टु पुट मनी इन'. 'विथड्रॉ' म्हणजे 'टु टेक मनी आउट'. 'रिपे' म्हणजे 'टु गिव्ह मनी बॅक'. पुट, टेक, गिव्ह हे लहान शब्द आणि इन, आउट, बॅक ह्या त्यांच्या दिशा. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' रचली, तिच्यांत तर क्रियापदें अठराच ठेविलीं. त्या शब्दांत थोडी भर घालून एक हजार शब्दांत पवित्र शास्त्राचेंही भाषांतर झालें. नवा करार १९४१ सालीं व संपूर्ण शास्त्र १९४९ सालीं निघालें. ज्यांस मराठी शुभवर्तमान तोंडपाठ आहे त्यांनीं त्यांतील एखादा दृष्टांत वाचून पाहावा. गोष्ट ठाऊक असल्यामुळें अर्थ आपोआप पुढें चालतो.

परंतु लहान शब्द सोपे असतात असें समजूं नका. 'पुट' म्हणजे ठेवणें. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढें ढकलणें, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें! बेसिकचा हा दोषच आहे. शब्द मोजून थोडे, पण त्यांच्या जोड्या फार. आपलें 'लागणें' पाहा ना : भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागतें, आणि आषाढांत पाऊस लागतो. परक्यानें ह्या एका शब्दासाठीं किती वर्षें घालवावीं?

म्हणून शब्द पाहतांना त्याच्या खालचे सर्व अर्थ वाचावे, आणि आपल्या वाक्यांत कोणता बसतो तें ठरवावें. मग पुस्तक मिटून तोच अर्थ तोंडानें आपल्या शब्दांत सांगावा, आणि शेवटीं मराठी शब्द लिहावा. लिहूंच नये असें नाहीं. 'क्रो' म्हणजे मोठा काळा पक्षी, असें इंग्रजींत घोकण्यापेक्षां 'कावळा' म्हटलें कीं काम झालें. झाडें, पांखरें, धान्यें, भांडीं यांस मराठी नांवच बरें.

त्या मुलीस आम्हीं असा एक कोश दिला. 'फास्ट' खालीं तिला जलद सांपडला, घट्ट सांपडला, गाढ झोंपेचा अर्थ सांपडला, आणि खालीं 'टु ईट नो फूड फॉर अ टाइम' हेंही सांपडलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, 'तर आईच्या साडीच्या चिठ्ठीवर फास्ट कलर असें असतें, तें काय?' आम्हीं उत्तर दिलें नाहीं. कोश तिच्याच हातांत होता. थोड्या वेळानें ती म्हणाली, 'पाण्यानें न जाणारा रंग.'