पटकन गुन्हा कबूल करू नका

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रात्री रस्त्यावर दारूच्या नशेत पकडले. दंड भरून मोकळे व्हावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्याच्यावर कोणते कलम लावले ते पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 355 खाली नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास देणे सिद्ध व्हावे लागते. शिक्षा 24 तासांपर्यंत साधी कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचे कलम 85 मात्र अधिक कडक आहे.

दंड भरणे म्हणजे बहुधा गुन्हा कबूल करणे. दोषसिद्धीची नोंद राहते आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती आडवी येते. पाचशे-हजार भरून मोकळी व्हायला गेलेली तरुण पोरे इथेच फसतात, याचे मला फार वाईट वाटते.

बचाव बहुतेकदा कागदपत्रांत सापडतो. नुसता तोंडाचा वास पुरत नाही. बचुभाई करयानी खटल्यात (1971) रक्ततपासणी नसताना वास, अडखळती चाल आणि असंबद्ध बोलणे सर्वोच्च न्यायालयाने अपुरे मानले. रक्त घेतले असेल, तर सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली का, हे जरूर विचारा. रक्ततपासणीच्या 1959 च्या नियमांना ते चालत नाही. नमुना सीलबंद होता का, हेही पाहा. अहवालात 0.05 टक्के किंवा अधिक अल्कोहोल आढळले, तर मात्र दारू पिण्याच्या आरोपात खुलाशाचा भार भावावर येतो. दारू पिण्याचा परवाना असल्यास तो वकिलांना द्या.

कबुलीवर सही करण्यापूर्वी वकिलांना भेटा. ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.